दुखण्याचा इन्कार आणि दुखणाइताचा निषेध : चेकॉव्हची ‘गुसेव्ह’

गंभीर आजारापुढे न वाकणाऱ्या पात्रांविषयी लिहिताना ‘जिद्द’, ‘झुंज’, ‘जीवनेच्छा’ हे शब्द समीक्षेत इतक्या सहजपणे येतात, की त्या पात्राने नेमके काय नाकारले आहे हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. आजार नाकारणे आणि आजाऱ्याच्या वाट्याला येणारी वागणूक नाकारणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीत बहुधा आत्मवंचना असते, तर दुसरीत नैतिक दृष्टी असू शकते. कादंबरीला त्यांची फारकत सावकाश करता येते. कथेत मात्र त्या एकाच पात्राच्या तोंडून, एकाच दमात येतात. अंतोन चेकॉव्हची ‘गुसेव्ह’ (१८९०) ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे.

अतिपूर्वेकडून मायदेशी निघालेल्या आगबोटीच्या रुग्णकक्षात सेवामुक्त झालेले आजारी सैनिक आहेत. त्यांतला गुसेव्ह हा पाच वर्षे अधिकाऱ्याचा हरकाम्या म्हणून राबलेला शेतकरी. त्याच्या शेजारी आहे पावेल इव्हानिच. हा सैनिक नव्हे, तर शेतकऱ्याचा वेष चढवून स्वस्त वर्गात शिरलेला शिकलेला माणूस. दोघांनाही क्षय आहे. अन्याय दिसला की आपण बोलतोच, आपण म्हणजे मूर्तिमंत निषेध, असे पावेल अभिमानाने सांगतो. आपली फुप्फुसे धडधाकट आहेत, खोकला पोटातून येतो, हेही तो तितक्याच ठामपणे सांगतो. नंतर तो मरतो. बडबड्या बुद्धिजीवीचे हे व्यंगचित्र आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे.

पण पावेलचे आजाराविषयीचे विधान खोटे ठरते म्हणून त्याचे आरोप खोटे ठरत नाहीत. मरणासन्न माणसांना या लांबच्या प्रवासाला का धाडले, याचा उलगडा संपूर्ण कथेत तोच एकटा करतो. ही माणसे रुग्णालयाला पैसा देत नाहीत, त्रास मात्र देतात, आणि मरून अहवालातले आकडे बिघडवतात. म्हणून त्यांना धडधाकटांच्या गर्दीत मिसळून बोटीवर चढवण्यात आले. कारभाराच्या कोरड्या भाषेमागील क्रौर्य ओळखणारी ही नजर व्यंगचित्राची नव्हे. मराठी समीक्षेत ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ या संज्ञांना दलित साहित्याने जो सामाजिक आशय दिला, त्याला जवळचे काही येथे असेल तर ते या आरोपात आहे. पोटातल्या खोकल्याच्या बढाईत नाही. (चेकॉव्ह स्वतः डॉक्टर होता. १८८४ पासून त्याच्या थुंकीतून रक्त पडत असे, आणि ते क्षयाचे लक्षण मानायला तो वर्षानुवर्षे तयार नव्हता. पावेलची बढाई त्याने केवळ बाहेरून पाहिलेली नसावी.)

याउलट गुसेव्ह कशालाच नाकारत नाही. हुकूम झाला, म्हणून सेवा केली. पण आपण चार चिनी माणसांना मारले हेही तो सांगतो, आणि कारण एवढेच, की ती अंगणात आली होती. वरच्याविरुद्ध कधीही न उचललेला हात खालच्यावर किती सहज पडतो, हे चेकॉव्ह भाष्य न करता नोंदवतो. गुसेव्हच्या सोशिकतेला रशियन मातीतले संतत्व बहाल करणाऱ्या वाचनांना हा तपशील अडचणीचा आहे, आणि बहुधा म्हणूनच तो घाईने ओलांडला जातो.

टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या १८८६ मधील दीर्घकथेत तीन दिवसांच्या आक्रोशानंतर शरणागती येते आणि तिच्यासोबत प्रकाशही येतो. पावेलला चेकॉव्ह असा शेवट देत नाही. त्याचा मृत्यू वाचकाला दिसतच नाही. तो गुसेव्हला दुसऱ्याकडून कळतो. मग प्रश्न निघतो, की तो स्वर्गात जाईल का? गुसेव्हच्या मते जाईल, कारण त्याने पुष्कळ सोसले. शिवाय तो धर्मोपदेशकांच्या घराण्यातला, आणि त्यांना नातेवाईक पुष्कळ, ते प्रार्थना करतील. आयुष्यभर निषेध करणाऱ्याची सद्गती अशी गोतावळ्याच्या भरवशावर सोपवली जाते. यात विनोद आहे, पण उपहास नाही. या माणसांकडे त्याच्यासाठी देण्याजोगे दुसरे काही नाही.

पुढे गुसेव्हही मरतो. शिडाच्या कापडात शिवलेला त्याचा देह समुद्रात सोडतात, खाली शार्क ते कापड फाडतो, आणि वर सूर्यास्ताच्या आकाशात रंग पालटत राहतात. या अखेरच्या दृश्यातील वैश्विक उदासीनतेवर अभ्यासकांनी भर द्यावा, हे स्वाभाविक आहे. मात्र हा देह त्या पाण्यापर्यंत पोहोचला तो निसर्गनियमाने नव्हे; कुणीतरी यादी करून त्याला बोटीवर चढवले होते, आणि हे वाचकाला ठाऊक आहे ते केवळ पावेल बोलला म्हणून.