पोर्टाचा क्रमांक आणि उपकरणाची ओळख

ब्लूटूथने जोडलेल्या मापन-उपकरणाला विंडोज प्रणालीने कोणता सीरियल पोर्ट दिला आहे, हे प्रोग्रामने स्वतः शोधावे, ही अपेक्षा वरकरणी किरकोळ वाटते. वस्तुतः तिच्या मुळाशी क्रमांक आणि ओळख यांतील भेदाचा प्रश्न आहे. आणि प्रचलित कोडमध्ये नेमका हाच भेद पुसला जातो.

ब्लूटूथचा सीरियल पोर्ट हा वास्तविक पोर्ट नव्हे. १९६० साली पुढे आलेल्या आरएस-२३२ या प्रमाणातील तारांचे वर्तन आरएफकॉम हा संकेत बिनतारी मार्गावर वठवतो, इतकेच. 'कॉम ५' हा क्रमांक म्हणजे उपकरणाचा गुण नव्हे. तो जोडणीच्या वेळी मिळालेली जागा होय. संगणक बदलला अथवा जोडणी मोडून पुन्हा केली, की तो बदलू शकतो. तो कोडमध्ये कायमचा लिहून ठेवणे म्हणजे एका उपकरणाचे मापन दुसऱ्याच्या नावे नोंदले जाण्याचा धोका पत्करणे होय.

पोर्टांची यादी मागवून प्रत्येक उघडून पाहणे, हा रूढ उपायही समाधानकारक नाही. त्या यादीत केवळ नावे असतात. बहिर्गामी पोर्ट उघडताच प्रणाली उपकरणाशी संपर्क साधू लागते. उपकरण बंद असल्यास प्रोग्राम ताटकळतो. अंतर्गामी पोर्ट मात्र सहज उघडतो आणि मूक राहतो. वर्णनावरून निवड करावी, तर साऱ्या ब्लूटूथ पोर्टांचे वर्णन सामान्यतः एकसारखेच असते.

यांहून सरस मार्ग प्लग-अँड-प्ले नोंदींचा. तेथील ओळख-ओळीत उपकरणाचा ४८ बिटांचा पत्ता १२ षोडशमान अंकांत आढळतो. अंतर्गामी पोर्टाच्या नोंदीत त्या जागी शून्ये असतात. पत्ता जुळला, की त्याच नोंदीवरून पोर्टाचे नाव मिळते. तथापि या ओळीची अंतर्गत रचना कायम राहील, अशी हमी प्रणाली देत नाही. तिचे तुकडे करून अर्थ लावणारा कोड उसन्या पायावर उभा असतो, हे दृष्टिआड करता येत नाही.

म्हणून जेथे जुन्या प्रोग्रामची सक्ती नाही, तेथे पोर्टाचा शोधच टाळून पत्त्यावरून थेट आरएफकॉम सॉकेट उघडणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. सक्ती असेल, तेथे निदान पत्ता हाच आधार मानावा आणि पोर्ट उघडल्यावर उपकरणाकडून त्याची ओळख वदवून घ्यावी. त्यानंतर घेतलेले मापनच विश्वासार्ह म्हणता येईल.