याक पांक्सेप यांची परिभाषा : प्राण्यांच्या भावनांचे नामकरण

शास्त्रज्ञाच्या कार्याचे मूल्यमापन त्याच्या शास्त्रातील जाणकारांनीच करावे, हा संकेत योग्य आहे आणि तो मोडण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. तथापि एखाद्या शास्त्रज्ञाचा वादच बव्हंशी शब्दांविषयीचा असेल, तर भाषेच्या अभ्यासकास त्यात चार शब्द बोलण्याचा अधिकार पोचतो. मेंदूतील रसायने व प्राण्यांचे वर्तन यांच्या परस्परसंबंधाचा सुमारे अर्धशतक अभ्यास करणारे याक पांक्सेप (१९४३–२०१७) हे अशा शास्त्रज्ञांपैकी होत. त्यांचे प्रयोग पुढे पुष्कळांनी स्वीकारले. त्यांनी दिलेली नावे मात्र अद्याप वादात आहेत.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येईल. जन्म एस्टोनियातील टार्टू येथे. युद्धकाळात कुटुंबास देश सोडावा लागला आणि ते पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची डॉक्टरेट १९६९ साली मिळाली. १९७२ पासून ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठात तीन दशके अध्यापन झाले, आणि २००६ पासून वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात प्राण्यांच्या हिताच्या अभ्यासासाठी असलेल्या अध्यासनावर ते होते. 'अफेक्टिव्ह न्यूरोसायन्स' हा त्यांचा मुख्य ग्रंथ १९९८ चा. लूसी बिव्हेन यांच्यासह लिहिलेला दुसरा मोठा ग्रंथ २०१२ चा. पहिल्या ग्रंथाचे शीर्षकच पुढे एका ज्ञानशाखेचे नाव झाले.

त्यांनी कामास आरंभ केला तेव्हा प्रयोगशाळेतील भाषेवर वर्तनवादाचा कडक पहारा होता. उंदीर घाबरला, असे लिहिणे अशास्त्रीय; उंदीर निश्चल झाला, असे लिहिणे शास्त्रीय. या शिस्तीने पुष्कळ भाबडेपणा दूर केला हे मान्य केले पाहिजे. परंतु शब्दावर घातलेली बंदी कालांतराने वस्तूवरची बंदी होऊन बसते, तसे येथे झाले. प्राण्यांच्या भावनांविषयी बोलावयाचे नाही, एवढ्यावरून प्राण्यांना भावना नाहीत असे नकळत गृहीत धरले जाऊ लागले. पांक्सेप यांनी १९८२ साली एका दीर्घ निबंधात मेंदूतील भावनिक यंत्रणांची रूपरेषा मांडली, ती या वातावरणात. तीत यंत्रणा चार होत्या : अपेक्षा, भय, क्रोध आणि 'पॅनिक'. पुढे त्या सात झाल्या, आणि 'अपेक्षा' हे नाव जाऊन तेथे 'सीकिंग' हे नाव आले.

हा एका शब्दाचा बदल लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. १९५४ साली ओल्ड्स व मिल्नर यांनी मॅकगिल विद्यापीठात असे दाखविले होते की, मेंदूच्या विशिष्ट भागी विद्युत्प्रवाह मिळत असेल तर तो मिळविण्यासाठी उंदीर पुनःपुन्हा दांडी दाबतो. त्यावरून 'सुखकेंद्र' हा शब्द रूढ झाला. पांक्सेप यांनी दांडीकडे न पाहता उंदराकडे पाहिले. तो तृप्त झाल्यासारखा दिसत नव्हता; तो हुंगत होता, पुढे सरत होता, कोपरे धुंडाळीत होता. ज्या मार्गावर डोपामीन हे द्रव्य मुख्यत्वे काम करते, तो सुखाचा नसून शोधाचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. येथे नाव बदलणे म्हणजे निरीक्षण सुधारणे होते. मराठीत यासाठी 'एषणा' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात इच्छा आणि शोध हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जाता जाता हेही सांगावयास हरकत नाही की, संशोधनास आपण ज्याला गवेषणा म्हणतो तो शब्द मुळात गाई शोधण्याचा आहे.

आता त्यांच्या परिभाषेच्या बाह्य रूपाकडे वळू. ही साती नावे पांक्सेप रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत, म्हणजे सबंध शब्द कॅपिटलमध्ये, छापीत. हेतू स्पष्ट होता. रोजच्या बोलण्यातले भय निराळे आणि सर्व सस्तन प्राण्यांच्या मेंदूत खोलवर असणारी विशिष्ट यंत्रणा निराळी. भाग व पूर्ण यांची गल्लत होऊ नये म्हणून ही खूण. हेतू चांगला असला तरी साधन दुबळे आहे. मोठी अक्षरे डोळ्यांना दिसतात, कानाला ऐकू येत नाहीत. व्याख्यानगृहात बसलेल्या श्रोत्याच्या कानी साधे, जुने भयच पडते. शिवाय खूण करावयाची होती वेगळेपणाची, परंतु शब्द निवडला तोच. त्यामुळे लेखक सोयीप्रमाणे कधी यंत्रणेविषयी तर कधी भावनेविषयी बोलतो, आणि एकीकडून दुसरीकडे तो केव्हा गेला हे वाचकास कळत नाही. देवनागरीत मोठी अक्षरेच नाहीत. त्यामुळे मराठी अनुवादकाला ही पळवाट मिळत नाही. त्याला भयतंत्र, क्रोधतंत्र असे काही उघड जोडपद घ्यावेच लागेल. लिपीच्या या उणिवेचा येथे फायदाच होतो, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप असा की, ही सात नावे एका जातीची नाहीत. भय व क्रोध ही भावनांची नावे. 'प्ले' हे वर्तनाचे. 'सीकिंग' हे क्रियेचे. 'केअर' ही दुसऱ्या जीवाविषयीची वृत्ती. 'लस्ट' ही वासना. आणि 'पॅनिक' ही तर एका अवस्थेची पराकोटी. वर्गीकरण निसर्गाचे असेल, नावे मात्र हाताशी लागतील तशी घेतलेली आहेत.

'पॅनिक' या नावाचा इतिहास यादृष्टीने बोधप्रद आहे. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांची ग्राहकस्थाने सापडली आणि १९७५ मध्ये मेंदू स्वतःच तशी द्रव्ये तयार करतो हे कळले. पांक्सेप यांनी विचारले, ही द्रव्ये तेथे कशासाठी? व्यसनी मनुष्याची अफूवरील आसक्ती आणि पिलाची आईवरील आसक्ती यांत त्यांना विलक्षण साम्य दिसले. १९७८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आईपासून दूर केलेल्या कुत्र्याच्या पिलास गुंगी येणार नाही इतके अल्प मॉर्फिन दिले तरी त्याचे रडणे थांबते. पुढे गिनीपिग व कोंबडीची पिले यांच्याविषयीही असेच आढळले. विरहाचे दुःख आणि शरीराची वेदना यांची रसायने एकमेकांना लागून आहेत, ही कल्पना आज सर्वसाधारण वाटते. तेव्हा ती तशी नव्हती. माझ्या मते पांक्सेप यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. २०१६ साली तीव्र आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या रुग्णांवर अत्यल्प मात्रेतील ब्युप्रेनॉर्फिनचा इस्रायलमध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे. कोंबडीच्या पिलांपासून तो रस्ता तिथवर गेला.

परंतु या विरहतंत्रास नाव दिले 'पॅनिक', ते मनुष्याला अकस्मात येणारे घबराटीचे झटके विरहवेदनेशी संबंधित असावेत या तर्कामुळे. म्हणजे नावातच एक सिद्धान्त भरला गेला. २०१२ च्या ग्रंथात त्याला 'ग्रीफ', म्हणजे शोक, हे दुसरे नाव जोडावे लागले. मराठी बोलणाऱ्याला या ठिकाणी एवढी ओढाताण करावी लागली नसती. वासरू न दिसल्याने गाय हंबरते, आणि घरातले माणूस गेले असता बाईमाणूस हंबरडा फोडते. आपल्या भाषेने ते दोन आवाज एकाच शब्दात ठेवले. वात्सल्य हा शब्दही वत्स, म्हणजे वासरू, यापासून आला. अर्थात यावरून भाषेने पांक्सेप यांचा सिद्धान्त आधीच ओळखला होता असे म्हणणे हास्यास्पद होईल. गोठ्याशेजारी राहणाऱ्या लोकांनी साम्य पाहिले आणि शब्द घडविला. साम्याखाली कोणते द्रव्य वाहते हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि तेच दाखविणे हे प्रयोगाचे काम होते.

पांक्सेप यांचे सर्वांत बलवान प्रतिपक्षी जोसेफ लेडू. भयाच्या मेंदूतील मार्गांवर ज्यांनी आयुष्य घालविले त्यांनीच २०१२ पासून असे म्हणावयास आरंभ केला की, 'भय' हा शब्द जाणिवेतील अनुभवासाठी राखून ठेवावा. उंदरात आपण तपासतो ती धोक्यापासून रक्षण करणारी यंत्रणा, तिला तसेच म्हणावे. शब्दशुद्धीच्या दृष्टीने लेडू यांची बाजू सरस आहे. परंतु निर्विकार वाटणारा शब्दही पक्षपातीच असतो. 'रक्षणयंत्रणा' म्हटले की आत कोणी काही भोगीत नाही, असे न सांगताच सांगितले जाते. पांक्सेप यांचा पुरावा येथे दुर्लक्षिता येत नाही : ज्या जागी प्रवाह दिल्याने भीतीचे वर्तन उमटते, तेथील प्रवाह बंद करावयास प्राणी शिकतो, जेथे शोधाचे वर्तन उमटते तेथील प्रवाह तो आपण होऊन मागतो. त्याला तो प्रवाह बरा किंवा वाईट वाटतो, याहून साधे स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात आणि कसायाच्या दारात जे जीव उभे असतात, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ परिभाषेचा नाही. या वादात शब्द लेडू यांचा घ्यावा आणि शंकेचा फायदा प्राण्यास द्यावा, असे माझे मत आहे; दोन्ही पक्षांना ते पटणार नाही.

एका ठिकाणी मात्र पांक्सेप यांनी शब्दाच्या बाबतीत आदर्श सावधपणा दाखविला. खेळताना उंदरांची पिले ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवाट करतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाही, म्हणून तो ऐकण्यास वटवाघुळांसाठी वापरले जाणारे यंत्र लागते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पांक्सेप व बर्गडॉर्फ यांनी हातांनी उंदरांना गुदगुल्या केल्या, आणि चिवचिवाट वाढला. इतका, की उंदीर त्या हातामागे धावू लागले. हे हसणे काय? त्यांच्या निबंधांच्या शीर्षकांत हसण्याच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह आहे; २००३ च्या निबंधात त्या शब्दाला अवतरणचिन्हेही आहेत. ही चिन्हे मोठ्या अक्षरांहून अधिक प्रामाणिक वाटतात, कारण ती काय कळले व काय कळले नाही हे वेगळे दाखवितात. २०१६ मध्ये बर्लिन येथे इशियामा व ब्रेख्त यांनी तेच पुन्हा पाहिले : गुदगुल्यांना प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतील पेशी खेळातही उद्दीपित होतात, आणि उंदीर भ्यालेला असेल तर गुदगुल्यांचा परिणाम ओसरतो.

या आवाजाला मराठीत 'हसणे' म्हणू नये असे मी सुचवीन. हसण्यात विनोद आला, उपहास आला, शिष्टाचार आला. उंदराकडे यांपैकी काही असल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे 'खिदळणे' हा शब्द आहे. त्यात आवाज आणि धुडगूस एकत्र असतात, सोबती लागतो, आणि मोठी माणसे आली की तो बंद होतो. पांक्सेप यांच्या प्रयोगात मांजराचे थोडेसे केस पिंजऱ्यात ठेवताच उंदरांचा खेळ थांबत असे.