डोंगर अनेक, नाच अनेक, नाव एक

आपल्याकडे नवा कोळी सापडला की बातमी होते. 2021 साली ‘आयसियस तुकारामी’ची झाली. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं म्हणून झाली, आणि ते योग्यच होतं. पण ‘ही नवी प्रजाती नाही’ असं म्हणणाऱ्या कामाची बातमी कोण करणार? आज अशाच एका कामाबद्दल बोलायचंय. मॅडिसन आणि मॅकमहन यांचा 2000 सालचा निबंध.

जागा दक्षिण अ‍ॅरिझोना. खाली वाळवंट नि गवताळ माळ, मधूनच डोंगर, आणि डोंगरांवर ओकची झाडी. त्या झाडीत हॅब्रोनॅटस प्युगिलिस हा उडी मारणारा कोळी राहतो. 1987 मध्ये ग्रिसवोल्ड यांनी त्याचं वर्णन केलं. खालचं रखरखीत रान त्याला मानवत नाही, म्हणजे प्रत्येक डोंगर त्याच्यासाठी बेटच झालं. आणि डोंगरागणिक काय दिसतं? नराच्या तोंडावरचे पट्टे वेगळे, मादीपुढचा नाच वेगळा. पुढे इलायस आणि सहकाऱ्यांनी नराची जमिनीतून जाणारी थरथर नोंदवली, तर तीही वेगळी!

एखाद्याने इथे भराभर नवी नावं पाडली असती. यांनी नाही पाडली. का? तर वंशवृक्ष मांडायला बसलं की फांद्या सरळ फुटत नाहीत. शेजारच्या डोंगरांची लक्षणं एकमेकांत गुंतलेली. हिमयुगात ही झाडी खाली उतरली होती, तेव्हा हे कोळी एकमेकांना भेटले असतील, हे पटण्यासारखं आहे. पुढे 2005 मध्ये हेबेट्स आणि मॅडिसन यांनी तर गंमतच दाखवली: सांता रिटा डोंगरावरच्या माद्यांनी आपल्या नरांपेक्षा अटास्कोसाचे परके नर जास्त पसंत केले. मग कुंपण घालायचं कुठे?

मला हा संयम फार आवडतो. तरी एक तक्रार आहेच. नाव एकच ठेवलं की संग्रहालयातल्या चिठ्ठीवरही एकच नाव येतं, आणि अल्कोहोलच्या कुपीतला कोळी काही नाचत नाही. रंगही उडतो. म्हणजे निबंध न वाचणाऱ्याला डोंगरांमधला फरक कळणारच नाही. थरच्या वाळवंटात काम करणाऱ्या आपल्या तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे: कोळी कुपीत घालायच्या आधी तासभर त्याच्यासमोर बसा, नर मादीला भेटताना चित्रफीत घ्या, आणि ठिकाण तालुक्यापुरतं न लिहिता नेमकी टेकडी लिहा. नावाचं नंतर बघू.