शोभेचे खांब

वांद्रे-कुर्ला भागातल्या काचेच्या इमारती पाहून पवईस गेले, की हिरानंदानी वसाहतीचा ग्रीक-रोमन थाट नजरेत भरतो. हफीझ काँट्रॅक्टर यांच्या या उत्तुंग घरांवर जाणकारांनी नकलेचा शिक्का मारला. लोकांनी ती आवडीने घेतली. लोकांचे चुकले, असे मला वाटत नाही. काचेत ढग दिसतात, घर दिसत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. मुंबईचे गॉथिकही परकेच. पण इथल्या दगडात घडून ते आपले झाले. २०१८ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा मानले. आमच्या भंडाऱ्याकडे जुन्या घराचा सागवानी खांब छप्पर पेलतो. पवईत भार सिमेंटचा सांगाडा वाहतो. खांब केवळ शोभेला! घरपणाची भूक खरी आहे. मग ती भागवताना आपली ओसरी कुणालाच कशी आठवत नाही?