माळवदाचा छेद : वास्तुविद्यार्थ्यांचे रेखाटन आणि बांधणी

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचे काम बहुधा कागदावर जन्मते आणि कागदावरच संपते. तलचित्र, छेद व दर्शनी रेखन भिंतीवर टांगावे, शेजारी पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडावी आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उभ्याउभ्या उत्तरे द्यावीत, हा 'ज्यूरी'चा रिवाज पॅरिसच्या एकोल द बोझारच्या परंपरेतून विद्यालयांत आला. मूळ परंपरेत परीक्षक बंद दाराआड निर्णय देत. विद्यार्थ्याने समोर उभे राहून आपल्या कृतीचे समर्थन करावयाचे, ही पुढील काळातील भर होय. या पद्धतीने काय साधले आणि काय निसटले, याचा विचार मुंबई-पुण्याच्या इमारतींपेक्षा मराठवाड्यातील एखाद्या गावाच्या संदर्भात अधिक नेमका होतो. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे असे एक गाव. मातीचा कारागीर त्याच्या नावातच आहे. खेड्याच्या बोलीत पिकाची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. फुगणाऱ्या व भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर पाया टिकत नाही आणि घराला लागते ती पांढरी, हे ज्ञान त्या दोन शब्दांत साठलेले आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या रेखाटनाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाच्या वास्तुविभागाने. क्लॉड बॅटले यांनी सुमारे दोन दशके या विभागाची धुरा वाहिली. भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मापे घेऊन केलेली विद्यार्थ्यांची रेखाटने हा त्यांच्या १९३४ सालच्या ग्रंथाचा पाया होता. युरोपीय स्तंभांच्या नकला गिरविणाऱ्या काळात देशी मंदिराचे अधिष्ठान, स्तंभ व छज्जे मोजावयास विद्यार्थ्याला पाठविणे, ही साधी गोष्ट नव्हती. मोजणाऱ्याला पाहावे लागते. केवळ पाहणारा पुष्कळ गोष्टी चुकवितो. तथापि या परंपरेचा कल मुख्यत्वे दगडी, कोरीव आणि स्थिर अशा वास्तूंकडे राहिला. अशी वास्तू ज्या दिवशी मोजली त्या दिवशी जशी होती, तशीच ती पुढील वर्षीही असते. माळवदाच्या घराची गोष्ट अगदी वेगळी आहे.

माळवदाचे घर 'खणां'त मोजले जाते. खांब, तुळया, त्यांवर आडवी लाकडे, फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांवर मातीचा जाड थर. भोवती दगडमातीच्या रुंद भिंती. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पण पावसाने माती धुपते, छत गळू लागते, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा माती पडते. वर्षानुवर्षे थर वाढत जातो आणि त्याबरोबर ओझेही. म्हणजे या घराचा छेद दर उन्हाळ्यात थोडा बदलतो. विद्यार्थ्याने तो एकदाच काढला तर रेषा अचूक असूनही चित्र अपुरे राहते. भिंतीचेही तसेच. बाहेरून एकसंध दिसणारी भिंत पुष्कळदा दोन पदरांची असते. मधे माती व खडी, आणि दोन्ही पदरांना जखडणारे आरपार दगड कधी असतात, कधी नसतात. दर्शनी रेखनात दोन्ही भिंती सारख्याच देखण्या दिसतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हा फरक क्रूरपणे उघड केला. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली, ती मुख्यतः अशाच भिंतींखाली व छतांखाली. मात्र जेथे लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता, तेथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तोलून राहिल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. ही दुसरी नोंद लोकांच्या मनावर ठसली नाही. ठसली ती दगडमातीची भीती. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी हलविली गेली. त्यांतील अनेक वसाहती सरळ रेघांच्या, शहरी आखणीच्या झाल्या आणि रहिवाशांना ओसरी, अंगण व गुरांची जागा मागाहून आपापल्या परीने जोडून घ्यावी लागली. आखणी कागदावर निर्दोष होती, हेच येथे विशेष.

यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याच्या हाती थापी द्यावी, असे म्हणणारा पक्ष आहे. त्याच १९९३ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ यांनी ऑबर्न विद्यापीठाच्या आश्रयाने 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. विद्यार्थी गरीब कुटुंबांसाठी घरे आखतात आणि स्वतः बांधतात. हा प्रयोग मोठाच. पण त्यात एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. वर्गातील चुकीचे गुण कापले जातात, बांधलेल्या घरातील चूक मात्र त्या कुटुंबाला सोसावी लागते. म्हणून केवळ बांधणे ही पुरेशी कसोटी मानता येत नाही. बांगलादेशातील रुद्रपूरची शाळा या दृष्टीने अधिक बोधप्रद ठरते. आना हेरिंगर यांचा लिंझ येथील पदवी-प्रकल्प म्हणून तिचा आराखडा झाला. आयके रोसवाग यांच्या साहाय्याने आणि गावकऱ्यांच्या हातांनी ती २००५ मध्ये उभी राहिली, व २००७ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. खाली जाड मातीच्या भिंती, वर बांबूचा मजला. मातीवर प्रेम करूनही पाया विटांचा घातला आणि ओल वर चढू नये म्हणून अडसर ठेवला, या एका निर्णयात त्या कृतीची प्रौढता दिसते. आणखी असे की हेरिंगर पदवीच्या कामासाठी प्रथमच तेथे गेल्या नव्हत्या. १९९७ साली, विद्यार्थिदशेच्याही आधी, त्या गावी त्या राहून आल्या होत्या. सत्राच्या सोळा-अठरा आठवड्यांत हे कोठून साधावे?

महाराष्ट्रातील विद्यालयांत गावाचा अभ्यास व मोजणी आजही होते. परंतु तेथून परतलेल्या चमूला परीक्षक विचारतात ते बहुधा चौकाविषयी, छायेविषयी, 'अवकाशा'विषयी. कुंभार पिंपळगावासारख्या गावातील एखादे जुने घर टांगून ठेवलेले असेल तर आधी विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत: छतावर माती किती बोटे आहे, शेवटची केव्हा पडली, भिंतीत आरपार दगड किती अंतरावर आहेत, आणि तुळई खांबाला नुसती टेकली आहे की जोडली आहे. यांतील पहिल्या दोहोंची उत्तरे घरमालकाकडे असतात, उरलेल्यांची गवंड्याकडे व सुताराकडे. परीक्षकमंडळात त्या दोघांना खुर्ची द्यावयास कोणत्याही अभ्यासक्रमाची आडकाठी नसावी.