प्रबंधाचा कच्चा खर्डा आणि सहाध्यायांचे वाचन

प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधक विद्यार्थ्याने आपले काम विभागात मांडावे, ते सर्व अध्यापकांस व इतर संशोधकांस ऐकण्यास खुले असावे, आणि तेथे आलेल्या सूचनांचा यथोचित स्वीकार व्हावा, अशी तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत होती. २०२२ च्या नियमावलीनेही ती कायम ठेवली. तरतुदीचा हेतू निर्विवाद चांगला आहे. परंतु मानवशास्त्राच्या प्रबंधापुरते पाहिले तर ही चिकित्सा फार उशिरा येते. या विषयात चूक बहुधा प्रकरणाच्या मांडणीत नसते. ती दोन वर्षांपूर्वी गावात न विचारलेल्या प्रश्नात असते. प्रबंध बांधणीला जाण्याच्या सुमारास तो प्रश्न कोणी काढला तरी त्याचा उपयोग काय? ऐकणारे हळहळतात आणि लिहिणारा उपसंहारात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ असे एक कलम वाढवितो.

काही विभागांतून सहाध्यायी एकत्र बसून एकमेकांची प्रकरणे वाचतात. हा उपक्रम नियमाहून अधिक फलदायी ठरावयास हवा. तसा तो पुष्कळदा ठरत नाही, कारण हाती येते ते केवळ प्रकरण. टिपणवही घरी राहते. मग वाचणाऱ्याजवळ बोलावयास दोनच विषय उरतात: शुद्धलेखन आणि सिद्धान्तकारांची नावे. अमक्याचा आधार का घेतला नाही, हा प्रश्न विचारणे सोपे असते. तो विचारण्यास गाव माहीत असावे लागत नाही.

विट्याचे उदाहरण घ्यावे. खानापूर तालुक्यातील व शेजारच्या आटपाडी, तासगाव भागांतील असंख्य कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त भारतभरच्या शहरांत पसरली आहेत. जुने दागिने आटवून धातू शुद्ध करण्याचे हे काम केरळ-तामिळनाडूपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत या भागातील माणसे करतात. या विषयावर कोणी प्रबंध लिहीत आहे आणि त्याच्या दुसऱ्या प्रकरणाचा आरंभ ‘अवर्षणामुळे येथील लोक गलाईच्या व्यवसायाकडे वळले’ या वाक्याने होतो, असे समजू. वाक्य खोटे नाही. म्हणूनच ते कोणत्याही बैठकीतून सुखरूप पार पडेल. पण अवर्षण जतला आहे, माण-खटावला आहे. कोठे माणसे मेंढरे घेऊन वाटेला लागली, कोठे मुंबईच्या गिरणीत गेली, कोठे ऊसतोडीला गेली. एकाच अवर्षणातून इतक्या वाटा फुटल्या असतील, तर सोन्याच्या वाटेचे कारण अवर्षण कसे? पहिले दुकान कोणाच्या पैशाने निघाले, कामाला नेलेला पोरगा भावकीतला की सोयऱ्यातला, तो स्वतःचे दुकान केव्हा थाटतो, त्याला जामीन कोण राहतो, जमीन असलेला आधी गेला की नसलेला? आणि ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, कोणत्या जातीचे, त्यांत गावी मागे राहिलेल्या स्त्रिया येतात की नाहीत? हे प्रश्न टिपणवही उघडी असल्याशिवाय सुचत नाहीत; आणि त्यांची उत्तरे विद्यार्थी अजून विट्यास ये-जा करीत असतानाच मिळू शकतात.

येथे एक अडचण अशी की महाराष्ट्रात असा विषय घेणारा विद्यार्थी पुष्कळदा त्याच मातीतला असतो. परक्या संशोधकाचा दोष अज्ञान हा असेल, तर याचा दोष अतिपरिचय हा होय. दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत होते. विट्याचा विद्यार्थी ती ‘परंपरेने’ या एका शब्दात उरकील. पालखीला खांदा कोण देतो, मान कोणाकडे, परगावचे गलाईवाले त्या दिवशी परततात काय, हे त्याला इतके ठाऊक असते की लिहावेसे वाटत नाही. अशा वेळी नागपूरचा किंवा कोकणातला सहाध्यायी, ज्याने विटा पाहिलेही नाही, तोच उत्तम वाचक ठरतो. त्याचे अज्ञान हीच त्याची पात्रता. उलट त्याच तालुक्यातला वाचक संकोच करतो. जातीचा, देण्याघेण्याचा, घरातल्या बाईच्या मिळकतीचा प्रश्न तो जाणून टाळतो, कारण उद्या दोघांनाही त्याच बाजारात फिरावयाचे असते.

लंडनमध्ये मॅलिनोव्स्कीच्या चर्चासत्रात १९३० नंतरच्या दशकात जोमो केन्याटा यांनी आपल्याच किकुयू समाजावरील निबंध वाचले आणि १९३८ साली त्यांतून ‘फेसिंग माउंट केन्या’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ज्यांचा अभ्यास करावयाचा त्यांच्यातलाच एक जण बरोबरीच्या नात्याने टेबलाशी बसला, ही त्या चर्चासत्राची मोठी कमाई. तथापि ग्रंथात समर्थकाचा सूर आहे, जमिनीवरील हक्काचा दावा आहे. आतल्या माणसाच्या लेखनाला बाहेरच्या वाचकाची गरज किती असते, हेही त्यावरून कळते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर इरावती कर्वे व के. सी. मल्होत्रा यांचा समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांच्या शारीरिक तुलनेवरील निबंध १९६८ साली ‘करंट अँथ्रॉपॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. सॉल टॅक्स यांनी सुरू केलेल्या या नियतकालिकाने निबंध आधी इतर विद्वानांकडे पाठवावयाचा, त्यांचे आक्षेप नावानिशी छापावयाचे आणि लेखकाचे उत्तरही सोबत द्यावयाचे, अशी प्रथा पाडली. आक्षेप लिहून आणि सही करून दिला की तो तोलून दिला जातो. विभागातील तोंडी चर्चेत ज्येष्ठ विद्यार्थी बोलतो, कनिष्ठ मान हलवितो, आणि मार्गदर्शक खोलीत असतील तर दोघेही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतात. एक पानभर लेखी आक्षेप आणि त्याला अर्धे पान लेखी उत्तर, एवढा नियम केला तरी बैठकीचे स्वरूप पालटेल.

टिपणवही उघडी ठेवण्याला मात्र एक गंभीर हरकत आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. गलाईच्या धंद्यात विश्वास हेच भांडवल असते. कोणाकडे किती माल आला, कोणी कोणाचे पैसे बुडविले, हे माहितगाराने विद्यार्थ्याला सांगितलेले असते. त्याच्या वर्गाला नव्हे. बैठकीतील एखादा सहाध्यायी त्याच माहितगाराचा भाचा असण्याचा संभव विट्यासारख्या ठिकाणी मुळीच थोडा नाही. नाव खोडल्याने भागत नाही. गाव, दुकानाचे शहर आणि भावांची संख्या एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तेव्हा कोणते पान वाचावयास द्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार टिपणे घेणाऱ्याचाच राहिला पाहिजे, आणि ते पान द्यावयाचे की नाही हे माहितगाराला आधी विचारलेले असले पाहिजे.