खत, कॅसेट आणि फॉरवर्ड

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना आम्ही एक काम दिले होते. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बोलते करायचे, मोबाईलवर त्यांचा आवाज घ्यायचा आणि वर्गात ऐकवायचा. विषय कोणताही चालेल. अट एकच, घरात बोलतात त्याच जबानीत बोलणे हवे. उर्दू नको, पुस्तकी मराठीही नको. आठवडाभरात तेवीस आवाज जमले. मिरकरवाड्याच्या एका आजोबांनी शिडाच्या होडीची गोष्ट सांगितली. तिच्यात घड्याळाची वेळ एकदाही आली नाही. असरला निघालो, मगरीबला वारा पडला, इशाला बंदर दिसले, असा सगळा हिशेब. एका मुलीच्या दादीने हळदीच्या रात्री बायका म्हणतात ती चार गाणी म्हटली. चौथे गाणे अर्ध्यावर सोडून त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे पोरांनी ऐकायचे नाही. वर्ग खूश झाला.

ते रेकॉर्डिंग आपल्याकडे घेऊन ठेवावे, असे त्या दिवशी मनात आले होते. राहून गेले. मे महिन्यात दादी अल्लाहला प्यारी झाली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही मुलीकडे विचारणा केली, तर ती म्हणाली, जुना मोबाईल पाण्यात पडला, नवा घेतला. वर्गाच्या ग्रुपवर टाकलेली फाईल होती, पण ती आता कोणाच्याच मोबाईलवर उघडत नव्हती.

मोबाईलने काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने मांडला जातो. जुम्याच्या बयानात, पालकसभेत, शादीच्या मंडपात सूर एकच असतो की मुले बिघडली. त्या हिशेबात तथ्य नाही असे नाही. वर्गात डुलक्या घेणारी मुले आम्ही रोज पाहतो. पण इथे आम्हाला साहित्याच्या अंगाने बोलायचे आहे. कोकणातल्या मुसलमानाची जी बोली कधी धड लिहिली गेली नाही, ती मोबाईलमुळे पुन्हा मोठ्याने ऐकू येऊ लागली आहे. आणि ऐकू येता येताच ती हरवतेही आहे.

आमच्या पिढीचे लहानपण खतांचे. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला आणि रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोलीच्या मोहल्ल्यांतले कमावते पुरुष कुवेत, दुबई, सौदीकडे निघाले. घराघरांत निळ्या-लाल काठाची पाकिटे येऊ लागली. खताची जबान उर्दू. घरात जो बाप कोकणीत शिव्या देत असे, तोच खतात सलामनंतर खैरियत कळवी, थोडे लिहिले बहुत समजा म्हणे आणि खत को तार समझना म्हणून मोकळा होई. त्या ठरीव वाक्यांच्या आड माणूस दिसत नसे. ज्या बाईसाठी खत यायचे तिला पुष्कळदा वाचता येत नसे. ते मोहल्ल्यातले शिकलेले पोर वाचून दाखवी. मग नवरा-बायकोने एकमेकांना काय लिहावे?

कॅसेटने ही कोंडी फोडली. आम्ही पाच-सहा वर्षांचे असताना चाचांकडून पहिली कॅसेट आली. आखातातून सुटीवर येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून ती यायची. टेप लावला आणि चाचा आपल्या बोलीत बोलू लागले. छप्पर शाकारले का, म्हैस व्याली का, आणि मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. दादी तेवढा भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगे. आमच्या मते कोकणी मुसलमानांच्या बोलीतले पहिले खासगी गद्य या कॅसेटींत आहे. किंवा होते. कारण पुढे त्याच कॅसेटींवर आम्ही पोरांनी कव्वाल्या आणि सिनेमाची गाणी भरली.

केरळच्या मुसलमानांनी हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने हाताळली. आखातातल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेले खत एस. ए. जमील यांनी सत्तरच्या दशकात मापिळा गाण्याच्या चालीत बांधले. 'दुबई कत्तु' या नावाने ते गाजले, पुढे त्याला नवऱ्याचे उत्तर म्हणून दुसरे गाणे आले. कॅसेट तिथेही होती, ताटातूट तीच होती. पण तिथे एका शायराने आपले नाव लावून ती वेदना मांडली, म्हणून आज ती मल्याळी माणसाच्या चर्चेत आहे. आपल्याकडची वेदना कपाटातल्या बुरशी लागलेल्या फितीत राहिली.

इथे गालिबची आठवण येते. खताला त्यांनी समोरासमोरच्या बोलण्याचे रूप दिले, असे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. पण त्यांची खते साहित्यात आली ती निव्वळ लिहिण्याच्या खुबीमुळे नव्हे. ज्यांना ती आली त्यांनी ती जपली, चाहत्यांनी ती मागवून गोळा केली. 'ऊद-ए-हिंदी' १८६८ साली निघाले, 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९ साली. खते जाळून टाकली असती तर उर्दू गद्याचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. आजचा व्हॉइस मेसेज म्हणजे तर थेट बोलणेच. आमच्या मोहल्ल्यातली निरक्षर खाला दोहाच्या मुलाला दिवसातून चार वेळा मेसेज पाठवते आणि त्यातल्या काही मेसेजांची बांधणी कोणत्याही कथाकाराने हेवा करावा अशी असते. ते गोळा करणारा मात्र कोणी नाही, आणि मोबाईलची मेमरी भरली की सर्वांत आधी तेच पुसले जातात.

दुसरा प्रकार रील्सचा. यावर नाक मुरडणे सोपे आहे, आम्हीही बराच काळ मुरडले. ओढणी गुंडाळून सासू झालेला मुलगा, आखातातून आलेला बढाईखोर चाचा, मुंबईहून आलेला आणि मासळीच्या वासाने नाक धरणारा पाहुणा. हे साचे ठरून गेले आहेत. पण लक्ष देऊन पाहिले तर त्यांतल्या चांगल्या मुलांचा कान तयार आहे. दाभोळचा हेल आणि राजिवड्याचा हेल ते एका शब्दात वेगळा करून दाखवतात. बी.एड.ला बोलीभाषांवर जे चार परिच्छेद आम्ही पाठ केले होते, त्यांत हे कुठे नव्हते.

आमची तक्रार वेगळी आहे. या रील्समध्ये बोली फक्त हसण्यासाठी येते. तीत कोणी मरत नाही, कर्ज काढत नाही, दुआ मागत नाही. गंभीर बोलायची वेळ आली की तोच मुलगा उर्दूत नाहीतर हिंदीत शिरतो. हा न्यूनगंड त्याने मोबाईलवरून घेतलेला नाही, आमच्यासारख्या शिक्षकांकडून घेतलेला आहे. वर्गात कोणी घरच्या जबानीत उत्तर दिले की 'ठीक से उर्दू में बोलो' हे वाक्य आमच्या तोंडून किती वेळा गेले असेल! घरी कोकणी, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी, मदरशात अरबी, बाजारात हिंदी; इतक्या दारांतून जाणाऱ्या मुलाला आम्ही शिकवले की पहिले दार मागचे आहे. हमीद दलवाईंच्या 'इंधन'ला १९६५ पासून आता साठ वर्षे झाली. त्यांच्या मतांशी आपल्यापैकी अनेकांचे पटले नाही, आजही पटत नाही. पण चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसाने कोकणातला मुसलमान गाव मराठी कादंबरीत गंभीरपणे आणला, हे मान्य करायला हरकत नसावी. त्या गावाची आज हजारो चलचित्रे आहेत, आणि त्यांच्या तोलाच्या कादंबऱ्या बोटांवर मोजाव्यात इतक्याही नाहीत.

शिवाय ही चलचित्रे कोणाच्या जागेत आहेत? २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ ॲप बंद केली. कारण योग्य की अयोग्य हा प्रश्न निराळा. पण त्या एका रात्रीत आमच्या ओळखीच्या एका पोराचे दोन वर्षांचे काम दिसेनासे झाले. त्याने त्याची दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. २०१४ साली ऑर्कुट बंद झाले तेव्हाही हेच घडले होते. भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही, पण सात-बारा तिथे ठेवू नये.

लिपीचा मुद्दा आम्हा उर्दूवाल्यांना जास्त बोचतो. उर्दूने नव्या यंत्राशी एकदा मोठी झुंज घेतलेली आहे. नस्तालीकचे वळण खिळ्यांत बसेना, म्हणून आपली छपाई पिढ्यान् पिढ्या कातिबाच्या हातावर आणि शिळाप्रेसवर चालली. १९८१ साली लाहोरच्या 'जंग'ने नूरी नस्तालीक वापरले, नव्वदच्या दशकात इनपेज आले आणि कातिबांच्या बैठका उठल्या. आता मोबाईलवरही नस्तालीक मिळते, तर मुले रोमनमध्ये लिहितात! त्यांना दोष देताना आम्ही जपून बोलतो, कारण बोलीपुरते पाहिले तर उर्दू लिपीही पुरी पडत नाही. तिच्यात ळ नाही. फळ्यावर चिपळूण लिहिले की ते चिपलून होते. देवनागरीत ळ आहे, पण 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च तिथेही एकच. तरीही आमचे मत देवनागरीच्या बाजूने आहे. इथल्या वाचकाला ती येते, आणि आपल्या मराठी लेखनाची पायवाट तिच्यातूनच गेलेली आहे. हे मत आमच्या स्टाफरूममध्ये कोणाला आवडत नाही.

आणि फॉरवर्ड. जेवढे शेर गालिब आणि इक्बालच्या नावाने रोज सकाळी येतात, तेवढे त्यांनी लिहिले असते तर त्यांना जेवायला फुरसत मिळाली नसती. २०१३ पासून रेख्ता आहे, तीन लिप्यांत शेर पडताळता येतो, पडताळणारे थोडे. नाव जपण्याची सोय तर आपल्या जुन्या रचनेतच होती. गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस, अभंगाच्या शेवटी नाममुद्रा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची रचना तोंडोतोंडी फिरली तरी नाव तिच्या पोटात राहिले, आणि म्हणूनच रा. चिं. ढेरे १९६७ साली 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक उभे करू शकले. फॉरवर्ड करणारा नेमका मक्ता कापतो, कारण तो स्टेटसमध्ये मावत नाही. ज्या परंपरेने एका हदीससाठी सांगणाऱ्यांची अख्खी साखळी तपासली, रावींच्या चारित्र्याचे वेगळे शास्त्र रचले, त्या परंपरेतले आम्ही, 'आगे भेजो, सवाब मिलेगा' एवढ्या सनदेवर काहीही पुढे पाठवतो.

नाव नसलेला मजकूर नुसता साहित्याचा घात करतो असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२०च्या टाळेबंदीत तबलीगी जमातच्या निमित्ताने मुसलमान भाजीवाल्याच्या टोपलीवर ज्या चित्रफिती येऊन आदळल्या, त्यांनाही कर्ता नव्हता. तेव्हा आपण दुखावलो, ते रास्तच. पण त्याच दिवसांत आपल्या ग्रुपांवर दुसऱ्यांविषयी काय फिरत होते, हेही आम्ही पाहिले आहे.

या जूनपासून वर्गात पद्धत बदलली आहे. आवाज घेतला की आधी सांगणाऱ्याने स्वतःचे नाव, गाव आणि तारीख बोलायची. ते बाहेर दाखवायचे की नाही, हे त्यांना विचारायचे. दोघींनी नको म्हटले, त्यांचे घरातच राहिले. फाईल मोबाईलवर, शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर, अशी तीन ठिकाणी. आणि मग मुलांनी ती वहीत देवनागरीत उतरवायची. पंधरा मिनिटांच्या आवाजाला तीन तास लागतात, कुरकुर फार होते. गेल्या वर्षीच्या तेवीसपैकी सतरा आवाज मुलांच्या मोबाईलांतून शोधून काढले. अकरा उतरवून झाले.

दादीची गाणी त्या मुलीने आणि तिच्या फुफीने आठवून लिहिली. दोन पूर्ण झाली. तिसऱ्यात दोन ठिकाणी दोघींचे शब्द जुळेनात, म्हणून दोन्ही पाठ वर-खाली लिहिले आहेत. चौथ्यासाठी पान कोरे ठेवले आहे. त्याच्या डोक्यावर दादीचे नाव आहे, गावाचे नाव आहे, आणि मुलीने पेन्सिलीने लिहिले आहे की इथे दादी हसल्या.